पाळीपाळीने चालणारे गाव

आमच्या मळ्यातील जुन्या विहिरीत आमच्या घराचा हिस्सा चार आण्यांचा होता. सोळा आण्यांच्या त्या विहिरीचे पाणी पुऱ्या आठ दिवसांच्या फेऱ्यात वाटलेले असे. थोरल्या भाऊबंदांचे आठ आणे, म्हणून त्यांना चार दिवस. आमचे चार आणे, म्हणून आम्हाला दोन दिवस. आणि उरलेल्या दोन घरांचे दोन-दोन आणे, म्हणून त्यांना एकेक दिवस. पाळी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्योदयालाच संपे. आठवडा सात वारांचा आणि पाण्याचा फेरा आठ दिवसांचा असल्यामुळे प्रत्येक घराचा वार दर फेऱ्याला एका दिवसाने पुढे सरके. असे असूनही ही पाळी कोणी कागदावर लिहून ठेवल्याचे मी कधी पाहिले नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहीर सामाईक असल्याची तेवढी नोंद असे. त्यापुढचा सगळा हिशोब माणसांच्या डोक्यात असे.

सांगली जिल्ह्याच्या अगदी वरच्या टोकाला, आटपाडी तालुक्यात, शे-सव्वाशे उंबऱ्यांचे आमचे गाव आहे. हा पर्जन्यछायेचा, माणदेशाचा भाग. मृगाचा पाऊस आला तर आला, खरी भिस्त उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांतील परतीच्या पावसावर, आणि त्या पावसावर येणाऱ्या शाळूवर, म्हणजे रब्बी ज्वारीवर. अशा गावाच्या आठवणी सांगताना जत्रा, सण, पारावरच्या गप्पा यांच्याकडे मन आधी धावते, आणि त्याही गोष्टी माझ्या मनात आहेत. पण माझ्या लहानपणीचे गाव रोज सकाळी उठून नेमके कशावर चालत होते, असे मी स्वतःला विचारतो, तेव्हा उत्तर येते ते पाळीवर. पाण्याची पाळी, बैलांची पाळी, कामाची पाळी, आणि या सगळ्यांत कोणाचे कोणाकडे काय फिटायचे राहिले आहे याची पक्की आठवण. म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

मी अगदी लहान असताना आमच्या विहिरीवर मोट चालू होती. पुढे काही वर्षांतच ऑइल इंजिन आले, त्यामुळे मोटेचे शेवटचे दिवस पाहिलेल्या पिढीतला मी आहे. चामड्याची मोट, तिला खाली सोंड, मोटेला जाड नाडा आणि सोंडेला बारीक सोल. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतरत्या वाटेवरून, खाली चालत गेले की भरलेली मोट वर येई, सोलाच्या ओढीने सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, रिकामी होई, आणि मग बैल पाठमोरेच, पावलापावलाने, पुन्हा धावेच्या वर सरकत. बैलांना मागे सरकायला शिकवणे हे मोठे कसब होते आणि ज्याला ते साधले त्याला गावात मान असे. आमच्याकडचे बैल खिल्लार. त्यांतही आटपाडी महालाचे खिल्लार म्हणून त्यांची स्वतंत्र ओळख आहे. उंच, चपळ, पांढरेशुभ्र जनावर. ते गाडीला पळते तसे मोटेला संथ चालेलच असे नाही, त्यामुळे मोटेचे बैल निवडताना आमच्या घरातले वडीलधारे आबा अंगकाठीपेक्षा स्वभाव पाहत.

मोट हाकणाऱ्याचे काम दिसते, पण दारे धरणाऱ्याचे काम तितकेच कठीण असते. पाटाने आलेले पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचे, बांध फुटू द्यायचा नाही, आणि पाळी संपण्याच्या आत शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचवायचे. थंडीच्या दिवसांत पहाटे अनवाणी पायांनी पाटात उभे राहून हे काम बहुतेक घरांत बायका आणि पोरे करीत. आमच्या घरात थोरली आई, म्हणजे माझी आजी, दारे धरण्यात इतकी तयार होती की थारोळ्यात मोट कितव्यांदा रिकामी होते आहे हे आवाजावरून मोजून ती वाफा बदलत असे.

पाळीचे काही नियम होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. पाळीच्या दिवशी ज्याच्या घरात मयत झाली त्याचे पाणी बुडत नसे. पुढच्या हिश्शाचा माणूस आपल्या पाळीतून त्याचे भिजवून देई, आणि तेराव्यानंतर ते सावकाश फिरून येई. लग्नघरालाही तीच सवलत होती. ज्याच्या पाळीत नाडा तुटला त्याने नवा नाडा आणायचा नाही, तो सामाईक खर्चातून येई, पण मोट दगडाला घासून फाटली तर तो हाकणाऱ्याचा दोष मानला जाई. विहिरीतला गाळ उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून काढायचा आणि त्यात माणसे हिश्शाप्रमाणे द्यायची. आठ आण्यांच्या घराने चार माणसे दिली, तर आम्ही दोन द्यायची. या नियमांत पळवाटाही होत्या आणि भांडणेही होती. पाळीच्या भांडणात एकमेकांची डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, आणि एका पहाटेच्या पाण्यावरून दोन सख्ख्या चुलत भावांनी विट्याच्या कोर्टात वर्षानुवर्षे तारखा केल्या, हेही आमच्याच भावकीत घडले आहे. तरी त्या दोन भावांनी कोर्ट चालू असतानाही विहिरीचा गाळ मिळूनच काढला, कारण गाळ साचला तर दोघांचेही पाणी आटणार होते.

पाण्यासारखीच बैलांचीही पाळी होती. ज्याच्याकडे एकच बैल असे तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करी. दोघांचे मिळून औत होई आणि ते एक दिवस याच्या रानात, एक दिवस त्याच्या रानात चाले. नांगरट मोठी असेल आणि वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, निघून जाण्याची भीती असेल तर इर्जिक घातली जाई. गावातले आठ-दहा नांगर एकाच रानात एका दिवसात उतरत, मजुरी कोणी घेत नसे, आणि संध्याकाळी रानमालकाने सगळ्यांना पोटभर जेवण घालायचे असा रिवाज होता. बायकांची भांगलण, म्हणजे तण काढणे, पैऱ्याने म्हणजे कामाच्या बदल्यात काम देऊन चाले. आज पाचजणी आमच्या हरभऱ्यात आल्या, तर आमच्या घरातून पाच दिवस त्यांच्या-त्यांच्या रानात माणूस जायलाच हवे. पैरा फेडायचा राहिला तर ती गोष्ट पाणवठ्यावर निघे, आणि पाणवठ्यावर निघालेली गोष्ट कोणालाही परवडत नसे. माझ्या आईला तापात पडून असतानाही पैऱ्याचा घोर लागलेला मला आठवतो. शेवटी माझी मोठी बहीण शाळा बुडवून तिच्या जागी गेली. मुलींच्या बुडालेल्या शाळांचे दिवस मात्र त्या हिशोबात कोणी धरले नाहीत.

धनगरांची मेंढरे हा याच देवघेवीचा भाग होता. आमच्या तालुक्यात धनगर समाज मोठा आहे. पाऊसकाळ संपला की कळप चाऱ्याच्या शोधात बाहेर पडत आणि जाता-येता शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात वाघरी, म्हणजे जाळ्यांचे कुंपण, लावून बसत. एक कळप काही रात्री रानात बसला म्हणजे त्या रानाला लेंडीखत आणि मूत मिळे, आणि त्याच्या बदल्यात शेतकरी धनगराला ज्वारी देई. कोणाच्या रानात आधी मेंढरे बसवायची हेही पाळीने ठरे. मेंढक्याच्या तळावरची तीन दगडांची चूल, बारकी पोरे, कोंबड्या आणि घोड्यावर लादलेला संसार पाहायला आम्ही पोरे मुद्दाम जात असू.

माघ-फाल्गुनात शाळूची काढणी होऊन खळी लागत. खळे सारवायचे, मधोमध तिवडा म्हणजे खांब रोवायचा, कणसे पसरून बैलांची पात धरायची, आणि वारा सुटला की वावडीवर उभे राहून धान्य उफणायचे. रास पडली की बलुतेदार येत. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव, मुलाणी, मांग, महार. वर्षभर नांगराचा फाळ शेवटणे म्हणजे त्याला धार लावणे, मोट शिवणे, नाडा वळणे, हजामत, मडकी, देवाची पूजा ही कामे पैशाशिवाय झालेली असत आणि त्यांचा मोबदला राशीवर मिळे. ही व्यवस्था आठवताना पुष्कळजण सुस्कारा टाकतात. मला तसा सुस्कारा टाकता येत नाही. राशीचे माप धरणारा हात नेहमी एकाच बाजूचा होता. सुताराला सुपाने मिळे आणि मांगाच्या पदरात खळ्याच्या कडेचे मातेरे, म्हणजे मातीत मिसळलेले धान्य, पडे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मांगाने वळलेल्या नाड्यावर सगळ्या विहिरीचा भार पेलला जाई, आणि त्या विहिरीला त्याचा हात लागलेला चालत नसे.

हे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण पाळीचा सगळा हिशोब ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्यातच चालत होता. ज्याला जमीन नाही त्याला विहिरीत हिस्सा नाही, म्हणून पाळी नाही. भिजवायच्या पाण्याचे एक वेळ सोडून देऊ, पण पिण्याच्या पाण्यासाठीही दलित वस्तीतील बायका घागरी घेऊन विहिरीच्या काठापासून दूर बसत आणि वरून कोणी घागरीत पाणी ओतील याची वाट पाहत. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला झऱ्याचे वाटीवाटीने साठणारे पाणी भरायला गावातल्या बायका रात्री-अपरात्री जात, तेव्हा ही वाट पाहणे पहाटेपर्यंत लांबे. १९७२ च्या सुमारास डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम उभी केली, ती अशाच गावांतील अशाच विहिरींसाठी होती. आमच्या विहिरीच्या काठावरचे अंतर त्या मोहिमेच्या बातम्या वाचून लगेच मिटले नाही. पुढे नळपाणी योजना झाली, वस्तीत नळ गेला, आणि बायकांचे ते वाट पाहणे थांबले.

आबा औंध संस्थानच्या काळातले. आटपाडी तेव्हा औंधमध्ये होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली. महात्मा गांधींचा तिला सल्ला होता, राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा तिच्या घडणीत वाटा होता, आणि तिचा पाया गावपंचायत हा होता. लोकांनी निवडलेले पाच पंच गावाचा कारभार पाहत आणि न्यायदानही गावातच होई. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. आबांना या सगळ्याचे इतिहासातले महत्त्व ठाऊक असेल असे मला वाटत नाही. त्यांना आठवत असे ते एवढेच की पाळीचा तंटा पंचांपुढे गेला की पंच स्वतः विहिरीवर येऊन बसत, दोन्ही बाजूंच्या माणसांना पाट दाखवायला सांगत आणि निकाल तिथेच देत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तंटे तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कचेऱ्यांकडे जाऊ लागले. आबांना याचे फार वाईट वाटे. कचेरीतल्या साहेबाला पाणी कुठून कुठे वाहते ते माहीत नसते, हे त्यांचे वाक्य आमच्या घरात पुढे बरीच वर्षे ऐकू येत राहिले.

आणि मग १९७२ साल आले. त्याआधीची दोन वर्षेही आमच्याकडे ओढाताणीचीच गेली होती, पण त्या वर्षी हस्ताने पाठ फिरवली आणि शाळू पेरलाच गेला नाही. विहिरीने तळ गाठला, तेव्हा पाळी आपोआप बंद पडली, कारण वाटायला काही उरलेच नव्हते. पाळी मोडली असे कोणी जाहीर केले नाही. थोरल्या घराच्या चार दिवसांत मोटेला पाणी लागले नाही, मग आमच्या दोन दिवसांत लागले नाही, आणि एका सकाळी कोणी धावेवर आलेच नाही. मोट सोडून गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली आणि ती पुन्हा कधी उतरली नाही. दुष्काळ सरल्यावर विहिरीवर आले ते इंजिनच.

त्या वर्षी लोक आधी जनावरे विकू लागले. खरसुंडीला सिद्धनाथाच्या पौषातल्या यात्रेत खिल्लार जनावरांचा मोठा बाजार भरतो. एरवी तिथे बैल घ्यायला जाणारी माणसे त्या साली विकायला गेली, आणि घेणारे कोणी नसल्यामुळे भाव कोसळला. आबांनी एक बैल विकला आणि एक ठेवला. दोन्ही विकले असते तर पुढे वारंगुळाही करता आला नसता, हा त्यांचा विचार होता.

दुष्काळी कामे निघाली. रस्त्याची खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, नालाबांध. मस्टरवर नाव लागे, मुकादम माप घेई, आणि आठवड्याने पगार होई. कामावरच्या मुलांना आणि बायकांना सुकडी मिळे. रेशनवर मिलो ही तांबडी ज्वारी येई. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाखाली उतरत नसे, पण त्या वर्षी तीच होती. हुलग्याचे माडगे पिऊन दिवस काढलेली घरे आमच्या आळीत होती. खडीच्या ढिगाऱ्यावर मात्र एक नवीन गोष्ट घडली, आणि ती मी दहा वर्षांचा असताना पाहिली असली तरी तिचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. आठ आण्यांच्या घरातली सून, आमची थोरली आई आणि मांगवाड्यातली बाई एकाच रांगेत बसून हातोडी चालवत होत्या, एकाच मापाने त्यांचे काम मोजले जात होते, आणि पगाराच्या वहीत तिघींचे अंगठे एकाखाली एक उठत होते. राशीवर सूप एकाला आणि मातेरे दुसऱ्याला देणारे माप तिथे नव्हते.

'मागेल त्याला काम' ही कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातील विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी १९६५ मध्ये विसापूरलाच या कल्पनेचा प्रयोग केला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे सबंध देशासाठी २००५ मध्ये असाच कायदा झाला. रोजगार हमीतील गैरव्यवहारांविषयी पुष्कळ बोलले जाते आणि ते खोटे नाही, पण ज्याच्या घरी विहिरीचा एक आणाही नव्हता अशा माणसाला गावात पहिल्यांदा हक्काने काही मागता आले ते याच कायद्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

दुष्काळाने माणसे बाहेर पडली. आमच्या आटपाडी-खानापूर भागातील माणसे गलाईच्या धंद्यात आहेत, हे महाराष्ट्रात आता बऱ्यापैकी ठाऊक झाले आहे. जुने सोने-चांदी वितळवून, तेजाबात टाकून, त्यातील शुद्ध धातू वेगळा काढायचा, हे गलाईचे काम. तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, जिथे सराफबाजार आहे तिथे आमच्या भागातला गलाईवाला आहे. माझे धाकटे चुलते तात्या दुष्काळ सरता सरता असेच कोइमतूरला गेले. जाण्याची रीतही पाळीचीच होती. आधी गेलेला माणूस आपल्या भावकीतला एक मुलगा बरोबर नेई, तो मुलगा काही वर्षे भट्टीवर राबे, मूस धरायला शिके, तिथली भाषा शिके, आणि मग त्याला वेगळे दुकान काढून दिले की तो आपल्या पाठचा मुलगा बोलावून घेई. कोणाच्या घरातला मुलगा आधी जाणार हे गावात ठरे, आणि त्यासाठी विहिरीचे, पैऱ्याचे जुने हिशोब चाळले जात. दुष्काळात ज्याने आपल्या घरातले धान्य दिले त्याच्या मुलाचा नंबर पुढे लागे. तेजाबाच्या वाफेने तात्यांची छाती पुढे फार त्रास देऊ लागली. त्या धंद्यात तरुणपणी गेलेल्या पुष्कळ जणांचे असे झाले आहे. गावातले सभामंडप, शाळेच्या खोल्या, माळवदांच्या जागी आलेली स्लॅबची घरे, यांच्यामागे त्या भट्ट्यांवरचे श्वास आहेत, हे गावाने विसरू नये असे मला वाटते.

काहीजण मुंबईला गिरण्यांत गेले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि महिने उलटू लागले, तशी ती माणसे गावी परत आली. खानापूर तालुक्यात परतलेल्या अशा कामगारांतून आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. रोजगार हमीच्या कामांच्या मागण्या करता करता तिने मुळातच हात घातला. दरवर्षी खडी फोडायची वेळ का येते, नदीतले पाणी कुठे जाते, आणि वाळूचा उपसा नदीचे काय करतो, हे प्रश्न तिने गावोगाव विचारले. त्यातूनच येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडी या गावांच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. नदीतली थोडी वाळू विकून पैसा उभा करायचा आणि लोकांनी श्रम द्यायचे, असा तो प्रयत्न होता. पण त्या धरणाची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या पाण्यावर गावातल्या प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क मानला गेला, आणि त्यात भूमिहीनही धरले गेले. आमच्या विहिरीच्या सोळा आण्यांत ज्यांना कधी पाव आणाही मिळाला नाही, त्यांना पाण्याची पाळी देणारी ही पहिली मांडणी आमच्या भागात झाली. मी तेव्हा नोकरीनिमित्त बाहेर होतो. सुटीत येऊन ते बांधकाम पाहिले, तेव्हा आबा हवे होते असे फार वाटले.

आमच्या गावात मात्र त्याच सुमारास उलट्या दिशेची गोष्ट सुरू झाली. बोअर आले. बोअरला हिस्सेदार नसतो, त्यामुळे पाळीही नसते. ज्याला पैसे लावता आले त्याने आपल्या बांधाच्या आत भोक पाडले, आणि शेजाऱ्याने त्याहून खोल पाडले. डाळिंब आले आणि त्याने काही वर्षे चांगला पैसा दिला, हे नाकारता येणार नाही; माळरानावर ठिबकची नळी पसरून बागा फुलवणाऱ्या तरुणांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. मग तेल्या रोग आला आणि बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या. तोवर जुनी विहीर आठमाही सोडा, चौमाहीही राहिली नव्हती. तिच्यातला गाळ काढायला कोणी हिश्शाने माणसे देईनात, कारण तिच्या पाण्यावर कोणाचेच काही अडत नव्हते. बैल गेले तसा वारंगुळा गेला, ट्रॅक्टर आला तशी इर्जिक गेली, आणि तणनाशक आल्यावर भांगलणीचा पैराही मोडला. हे जाण्यात पुष्कळ सुख आहे, विशेषतः बायकांना. पहाटेच्या पाटात उभे राहणे कोणाच्या वाट्याला पुन्हा येऊ नये. मात्र २०१२-१३ च्या दुष्काळात बोअर एकामागून एक कोरडे पडले आणि जनावरे चारा छावण्यांत न्यावी लागली, तेव्हा कोणाच्या बोअरचे पाणी कोणी कोणाला द्यायचे याचा एकही नियम गावापाशी शिल्लक नव्हता. ज्याच्या बोअरला पाणी होते त्याने दिले तर दिले. १९७२ ला गाव याहून कितीतरी गरीब होते, पण काय मोडले हे तरी त्याला ठाऊक होते.

क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि पाणी संघर्ष चळवळ यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षे जी मागणी लावून धरली ती कृष्णेच्या पाण्याची आणि त्याच्या समन्यायी वाटपाची. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत आमच्या दुष्काळी तालुक्यांकडे आणणारी टेंभू योजना रखडत रखडत पुढे आली आणि तिचे पाणी अखेर आटपाडीत पोचले. ओढ्याला उन्हाळ्यात पाणी वाहताना पाहून म्हातारी माणसे काठावर येऊन बसली, काहींनी खण-नारळ वाहिले. पण पाणी आले की लगेच पाळी येते. आवर्तन कधी सुटणार, आधी टोकाच्या रानाला द्यायचे की तोंडाशी असलेल्या रानाला, पाणीपट्टी न भरणाऱ्याचे काय करायचे, बंद नळीतून आलेले पाणी एकराने मोजायचे की कुटुंबाने, हे प्रश्न आता गावच्या बैठकांत निघतात. तरुण मुले मोबाइलवर तक्ते करून आणतात आणि ते तक्ते चांगले असतात. मयत झाली तर पाळी कशी फिरवायची, हा रकाना मात्र त्यांत नसतो, आणि भूमिहीन घरांचा रकाना घालायचा विषय काढला की बैठक गप्प होते. हा विषय मी प्रत्येक बैठकीत काढतो आणि काढत राहणार आहे. बलवडीला जे होऊ शकले ते आमच्याकडे का होऊ नये, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

निवृत्तीनंतर मी गावातल्या जुन्या विहिरींच्या पाळ्या लिहून काढायला घेतल्या आहेत. कोणत्या विहिरीत कोणाचे किती आणे, फेरा किती दिवसांचा, गाळ कोण काढी, नाडा कोण वळे आणि त्याला काय मिळे, पिण्याचे पाणी कोणाला काठावरून आणि कोणाला दुरून. शेवटचे दोन प्रश्न विचारले की काही घरांत चहा लवकर संपतो, तरीही ते वगळून ही नोंद पुरी होणार नाही. आमच्या विहिरीचे टिपण झाले आहे. ओढ्याकडच्या विहिरीचे दोन हिस्सेदार गलाईच्या निमित्ताने तमिळनाडूतच स्थायिक झालेले आहेत; ते चैत्रात सिद्धनाथाच्या यात्रेला येतात, तेव्हा त्यांना आणि त्याच विहिरीचा नाडा वळणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना एकत्र बसवून विचारायचे ठरवले आहे.